खेळाच्या टिपणांना वाचक कसे मिळतात?

सामना संपतो, मैदान रिकामे होते, आणि त्यानंतर खरा वाद सुरू होतो. अमक्याने सामना जिंकून दिला, असे एक म्हणतो. त्याच अमक्यामुळे तो हातचा जात होता, असे दुसरा म्हणतो. हा वाद घरात, पारावर, एस. टी. च्या थांब्यावर चालतो, आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होऊन संपतो. परंतु काही माणसे अशी असतात, की ती वादात न पडता घरी जातात, कागद पुढे ओढतात आणि मोजू लागतात. ही माणसे कोणत्या संघाच्या पदरी नसतात, वृत्तपत्रांच्या नोकरीत नसतात. खेळाची आवड एवढेच त्यांचे भांडवल. त्यांनी काढलेला निष्कर्ष पुष्कळदा लोकांच्या समजुतीस धक्का देणारा असतो. मग प्रश्न असा पडतो की, तो ऐकणार कोण? ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याने स्वतः एकही मोठा सामना खेळलेला नाही, त्याचे आकडे लोकांनी का म्हणून वाचावेत?

या प्रश्नाचे उत्तर ज्या खेळाच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट सापडते, तो खेळ आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. तो बेसबॉल होय. आपल्या राज्यातील काही शाळांत सॉफ्टबॉल खेळतात. त्याचा हा थोरला भाऊ समजावा.

विषय कळण्यापुरते या खेळाचे नियम सांगतो. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तळ असतात. फलंदाजाने चेंडू टोलवावा, धावत क्रमाने सारे तळ शिवावेत आणि मूळ जागी परत यावे, म्हणजे एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की बाजू पलटते. असे नऊ डाव. चेंडू टाकणाऱ्याने चेंडू ठरलेल्या पट्ट्यातून टाकला पाहिजे. पट्ट्याबाहेरचे चार चेंडू फलंदाजाने संयम राखून सोडून दिले, तर त्यास न टोलवताच पहिला तळ बहाल होतो. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवावा. पुढील सारी गंमत त्यातच आहे.

बेसबॉलचे आकडे वृत्तपत्रांत तक्त्याच्या रूपाने छापण्याची प्रथा पाडली ती हेन्री चॅडविक यांनी. ते १८२४ मध्ये इंग्लंडात जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेस गेले. आरंभी ते क्रिकेटच्या सामन्यांचे वृत्तान्त लिहीत. पुढे बेसबॉलचा छंद जडला, तेव्हा क्रिकेटच्या धावफलकाची पद्धत त्यांनी नव्या खेळास लावली. १८५९ च्या सुमारास त्यांनी केलेला तक्ता हा या विद्येचा पाया मानला जातो. आपल्या ओळखीच्या धावफलकाचाच हा परदेशी वंशज आहे, हे वाचून विद्यार्थ्यांना मौज वाटेल. पण चॅडविक यांची एक ठाम समजूत होती. चार चेंडू सोडून पहिला तळ मिळाला, तर त्यात फलंदाजाचे कर्तृत्व ते कोणते? चूक चेंडू टाकणाऱ्याची! त्यामुळे फलंदाजाच्या सरासरीत या गोष्टीस स्थान मिळाले नाही. १८८७ या एका हंगामात ती टोल्याबरोबरीने धरली गेली, आणि लगेच पुन्हा वगळली गेली. पुढे शंभर वर्षे लोक त्या जुन्या सरासरीवरच फलंदाजाची किंमत करीत राहिले.

त्यात काय चुकते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका फलंदाजाने ५०० संधींत १५० वेळा टोला मारून तळ गाठला; त्याची सरासरी .३०० झाली. दुसऱ्याने ५०० संधींत १३५ वेळा तळ गाठला, त्याची.२७०. वृत्तपत्र वाचणारा म्हणेल, पहिला श्रेष्ठ. आता चेंडू सोडून मिळालेले तळ मिळवू. पहिल्यास असे ३० मिळाले, दुसऱ्यास १००. म्हणजे पहिला एकूण ५३० वेळा खेळावयास आला आणि १८० वेळा तळावर पोहोचला; प्रमाण सुमारे .३४०. दुसरा ६०० वेळा आला आणि २३५ वेळा पोहोचला, प्रमाण सुमारे.३९२. जो मागे होता तो बराच पुढे निघाला! आकडे पूर्वीही होते. ते कोणत्या प्रश्नास जोडावयाचे, एवढेच कोणी विचारले नव्हते. गणिताच्या तासाला ज्यांना अपूर्णांकांचा कंटाळा येतो, त्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः सोडवून पाहावे.

असे प्रश्न विचारणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ होते, पण ते विखुरलेले होते. एक एका गावात बसून जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे जमवी, दुसरा दुसऱ्या गावात तेच काम पुन्हा करी, आणि एकास दुसऱ्याचा पत्ता नसे. सरकारी नोकरीत असलेले रॉबर्ट डेव्हिड्स नावाचे गृहस्थ असेच एक छंदिष्ट. त्यांनी अशा लोकांना पत्रे लिहिली आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉल संग्रहालयाच्या ग्रंथालयात त्यांना एकत्र बोलावले. जमले किती? डेव्हिड्स धरून सोळा. एवढ्यांनी मिळून बेसबॉल-संशोधनाची संस्था स्थापिली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरूनच पुढे या विद्येस ‘सेबरमेट्रिक्स’ हे नाव पडले.

आता या कथेतील मुख्य पुरुष. बिल जेम्स हे १९४९ मध्ये कॅन्सस प्रांतात जन्मलेले गृहस्थ. १९७० नंतरच्या दशकात ते डबाबंद खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात रात्रीचे पहारेकरी होते. रात्रपाळीच्या निवांत वेळात त्यांनी सामन्यांचे तक्ते घेऊन बसावे आणि आकडेमोड करावी, असा क्रम होता. १९७७ मध्ये त्यांनी आपल्या टिपणांची एक पुस्तिका स्वतःच काढली. इतरत्र कोठेही न सापडणारी अठरा प्रकारची माहिती हिच्यात मिळेल, असे तिच्या नावातच म्हटले होते. क्रीडाविषयक एका साप्ताहिकात छोटीशी जाहिरात दिली. प्रती खपल्या पंचाहत्तर.

पंचाहत्तर! एवढ्या विस्तीर्ण देशात, जेथे हा खेळ लाखो लोक पाहतात, तेथे पंचाहत्तर. दुसरा कोणी असता तर त्याने लेखणी खाली ठेवली असती. या जागी आमच्यासारख्या कोंकणी घरात वाढलेल्या माणसास थोडे निराळे वाटते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. शणै गोंयबाबांनी (१८७७–१९४६) मुंबईस राहून नोकरी सांभाळून कोंकणीत पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. ती वाचणारे तेव्हा किती असतील? ज्या भाषेचे वाचक बोटांवर मोजावे लागतात, त्या भाषेच्या माणसास पंचाहत्तर हा आकडा लहान वाटत नाही. पंचाहत्तर माणसांनी पैसे भरून, पत्र पाठवून एक अनोळखी पहारेकऱ्याचे आकडे मागवले, ही आमच्या मते मोठीच घटना होती.

जेम्स यांनी पुढच्या वर्षी पुन्हा पुस्तिका काढली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पाच वर्षे हा उद्योग घरच्या घरी चालला. वाचक वाढत गेले ते हातोहात. ज्याने वाचले त्याने मित्रास दाखवले. १९८१ मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने एका मोठ्या क्रीडा-साप्ताहिकात त्यांच्यावर लेख लिहिला, आणि १९८२ पासून न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने हे वार्षिक हाती घेतले. १९८८ पर्यंत ते निघत राहिले. पुढे २००३ च्या हंगामापासून बोस्टनच्या नामांकित संघाने जेम्स यांस सल्लागार म्हणून घेतले. त्या संघास १९१८ नंतर अजिंक्यपद मिळाले नव्हते. ते २००४ मध्ये, शहाऐंशी वर्षांनी मिळाले. त्याचे सारे श्रेय एका आकडेवाल्यास देणे वेडेपणाचे होईल, आणि आम्ही ते देत नाही. आम्हांस कुतूहल आहे ते आधीच्या पाच वर्षांचे. त्या काळात वाचक टिकले कसे?

त्यांचे लेखन पाहिले म्हणजे पहिली गोष्ट दिसते ती ही की, जेम्स आकड्यापासून आरंभ करीत नाहीत. ते लोकांच्या भांडणापासून आरंभ करतात. उत्तम क्षेत्ररक्षक कोण, या साध्या वादाचे उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीत क्षेत्ररक्षकाच्या चुका मोजीत; ज्याच्या चुका कमी तो चांगला. जेम्स म्हणाले, जो चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या हातून चेंडू सुटणार कसा? जो चपळाईने दूरचा चेंडू गाठतो, त्याच्याच हातून कधीमधी तो निसटतो आणि चूक त्याच्या माथी लागते. तेव्हा चुका मोजण्याऐवजी त्याने किती चेंडू गाठून गडी बाद करण्यास हातभार लावला, ते मोजा. आमच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक मुलास हे तत्काळ पटेल. जागचा न हलणारा आणि म्हणून कधी झेल न सोडणारा एखादा तरी क्षेत्ररक्षक प्रत्येक संघात असतोच. वाद ओळखीचा असला की वाचक थांबतो. मग त्याला आकडे दाखवता येतात.

दुसरी गोष्ट, ते आपली रीत झाकून ठेवीत नाहीत. हा आकडा कसा काढला, कोठे शंका आहे, कोणती बाजू अजून मोजता आलेली नाही, हे सारे वाचकापुढे मांडलेले असते. वाचकाने घरी बसून तोच आकडा काढून पाहावा आणि चूक सापडल्यास कळवावे, अशी ही मांडणी आहे. विद्वत्तेचा दरारा बसवून वाचक मिळवता येतात, पण ते गप्प बसणारे असतात. शिवाय त्यांची भाषा साधी आहे आणि विनोदास तिच्यात मज्जाव नाही. हा गुण कमी लेखू नये.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि ती नीट समजली ती बेसबॉलच्या मैदानापासून फार दूर, उज्जैनीस, क्षिप्रेच्या रामघाटावर.

नाताळच्या सुटीत विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही उज्जैनीस गेलो होतो. या नगरीशी आपला संबंध जुना. महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारविले ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. म्हणजे आमच्याच शेणवी मंडळींपैकी एकाने, असे आम्ही मुलांस थोड्या अभिमानाने सांगितले. रामघाटावर संध्याकाळी आरती होते, दिवे लागतात, पायऱ्यांवर माणसे दाटतात. आरती संपली की तीच माणसे चहाकडे आणि रिक्षांकडे वळतात, आणि घाट पाहता पाहता मोकळा होतो. २०१६ च्या सिंहस्थात याच पायऱ्यांवर पाय ठेवण्यास जागा नव्हती. पण सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा.

त्याच घाटावर तीर्थोपाध्ये बसतात. त्यांच्याजवळ लांबट, जाडजूड, कापडात बांधलेल्या वह्या असतात. आमच्यापैकी एका विद्यार्थ्यास त्यांनी आडनाव विचारले, मूळ गाव विचारले. एक वही बाजूला ठेवली, दुसरी सोडली, आणि काही वेळाने एक पान त्याच्यापुढे केले. पानावर त्याच्या पणजोबांचे नाव होते, बरोबर आलेल्या माणसांची नावे होती, आणि खाली त्याच्या आजोबांनी पुढे कधीतरी येऊन केलेली सही होती. वरच्या काही ओळी मोडीत होत्या. मुलगा ते पान बराच वेळ पाहत राहिला. मग उपाध्यायांनी दौत पुढे सरकवली आणि म्हटले, “आता तुझे, तुझ्या भावंडांचे, आईवडिलांचे नाव लिही.”

परतताना एका मुलीने विचारले, “एवढ्या मोठ्या वह्या वाचतं कोण?” प्रश्न फार चांगला होता. उत्तर असे की, सबंध वही कोणीच वाचत नाही. एका घराण्याचे माणूस येते, ते आपले एक पान वाचते, त्यात चार नावे घालते आणि निघून जाते. पण ती वही पिढ्यान् पिढ्या टिकते, कारण प्रत्येक पानास ज्याची त्याची आस्था लागलेली आहे, आणि वाचणाऱ्याने त्यात लिहावयाचे असते. आरतीची गर्दी हजारोंची असते, तिचे वेगळे महत्त्व आहे; पण तिला वाचकवर्ग म्हणता येत नाही. वहीचा वाचक एका वेळी एकच असतो, आणि तो पुन्हा येतो.

बेसबॉलच्या हौशी अभ्यासकांनी नेमके हेच केले. सामन्यातील प्रत्येक चेंडूगणिक काय घडले याच्या तपशीलवार नोंदी काही कंपन्यांकडे होत्या, पण सामान्य माणसास त्या पाहावयास मिळत नसत. तेव्हा १९८४ मध्ये जेम्स यांनी आपल्या वाचकांनाच हाक दिली: तुम्ही तुमच्या गावच्या मैदानावर जाता, तेथे बसून नोंद करा, सर्वांच्या नोंदी एकत्र करू. वाचक नोंदणीदार झाले. पुढे १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी दुसरी संस्था काढली आणि जुन्या काळातील सामन्यांच्या नोंदी शोधून, त्या सर्वांना विनामूल्य खुल्या करण्याचे काम आरंभिले. कोणाच्या माळ्यावर पडलेली टिपणवही, कोणा जुन्या वार्ताहराची पेटी, असे करीत करीत तो संग्रह वाढला. ज्याने आपल्या आजोबांची टिपणवही दिली, तो त्या संग्रहाचा वाचक आपोआपच झाला.

एक भेद मात्र सांगितला पाहिजे. घाटावरची वही घराण्याच्या बाहेरच्यास फारशी उघडत नाही, आणि तिच्यातील मजकूर कोणी तपासावा अशी अपेक्षाही नसते. अभ्यासाची वही याच्या उलट असावी लागते. ती परक्याने उघडली पाहिजे आणि त्यानेच तीत चूक काढली पाहिजे.

आपल्याकडे हे काम झाले नाही असे नाही. क्रिकेटपुरते पाहिले तर मुंबईचे आनंदजी डोसा (१९१६–२०१४) यांनी हौसेने जमविलेल्या आकड्यांवर आकाशवाणीच्या समालोचकांनी किती वर्षे विसंबावे! ज्या इंग्रजी क्रिकेट-वार्षिकास आज अशा आकड्यांचे माहेरघर म्हणतात, ते १८६४ मध्ये प्रथम निघाले तेव्हा ११२ पानांचे होते, किंमत एक शिलिंग. आणि पाने भरण्यासाठी त्यात क्रिकेटशी काडीचाही संबंध नसलेल्या, लढायांच्या तारखांसारख्या गोष्टी घातल्या होत्या. नव्या संपादकांनी हे वाचून धीर धरावा. देशी खेळांसाठी बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी केलेल्या कामास तर तोड नाही. ‘व्यायाम’ मासिक चालविणाऱ्या या गृहस्थांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. आमच्या ग्रंथालयातून तो मागून वाचणारा विद्यार्थी भेटला, तर आम्ही त्यास स्वतः खंड काढून देऊ.

आणि खो-खो! मराठी वृत्तपत्रांत खो-खोच्या सामन्याची बातमी वाचताना कंसातील मजकुराकडे कितीजण लक्ष देतात? अमक्याने दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले आणि तीन गडी टिपले, असे प्रत्येक प्रमुख खेळाडूपुढे छापलेले असते. चॅडविक यांच्या तक्त्याहून हे कोणत्या बाबतीत कमी आहे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांत व महिलांत दोन्हीकडे भारत विजयी झाला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात खो-खो पाहणारे एकाएकी वाढले. पाहणाऱ्यांतून वाचणारे किती निघाले, हा निराळा प्रश्न.

हा प्रश्न आमच्या शाळेत या वर्षी प्रत्यक्ष उभा राहिला. जून महिन्यात काही मुलामुलींनी जिन्याजवळच्या फळ्यावर खो-खोच्या अभ्यासाचे पाक्षिक भित्तिपत्रक सुरू केले. अक्षर सुरेख, आकडे अचूक, मेहनत दांडगी. पहिल्या अंकापुढे गर्दी झाली. चौथ्या अंकाच्या वेळी मुले त्या फळ्यावरून जिना चढून जात, पण मान वळवीत नसत. दिवाळीपूर्वी संपादक मंडळ विचारावयास आले, की हे बंद करावे काय. त्यात आकड्यांचे रकाने होते, टक्केवारी होती, परंतु ‘भांडण’ नव्हते. आणि कोणा वाचकाचे पान त्यात नव्हते. उज्जैनीहून परतल्यावर मुलांनीच बैठक घेतली. आपल्या मैदानावर नेहमी होणारा वाद कोणता, एवढेच आम्ही त्यांस विचारले.

वाद सापडावयास वेळ लागला नाही. खो-खोत जो गडी शिवतो, त्याच्या नावावर तो गडी लागतो. पण संरक्षक कोंडीत सापडतो तो बहुधा त्याच्या आधी दिलेल्या खोमुळे. पाठलाग करणाऱ्याने धावता धावता ओळखावयाचे असते, की आता संरक्षक चौकोनांमधून पलीकडे निसटणार. त्या क्षणी, एक पाऊलही न चुकता, पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्यास त्याने खो दिला, तर तो उठतो आणि दोन पावलांत गडी टिपतो. टाळ्या टिपणाऱ्यास मिळतात. खो देणाऱ्याचे नाव कोणत्याही तक्त्यात नाही. मुलांनी ठरविले, की यापुढे प्रत्येक बाद गड्यापुढे शेवटचा खो देणाऱ्याचेही नाव लिहावयाचे. दोघांनी कडेला बसावे. एकाने पाठीवरचे क्रमांक पुकारावेत, दुसऱ्याने लिहावेत. दोन शनिवार सरावात गेले, कारण खो-खो डोळ्यांस दिसतो तितका कागदास सापडत नाही.

तिसऱ्या शनिवारच्या तक्त्यात एक नाव पुन्हा पुन्हा आले. नववीतील ही मुलगी संघात ‘भरतीची’ समजली जाई. गडी तिच्या नावावर क्वचित लागत. त्या दिवशी बाद झालेल्या सात गड्यांपैकी चारांच्या आधीचा खो तिचा होता. सात गडी म्हणजे फार थोडे, त्यावरून काही सिद्ध होत नाही, असे मुलांनीच तक्त्याखाली लिहिले, आणि ते योग्यच केले. पण पुढच्या दोन सामन्यांतही असेच दिसले. तालुका पातळीवरील स्पर्धेसाठी संघ निवडावयाचा होता, आणि त्या मुलीचे नाव राखीव खेळाडूंत होते. निवड करणाऱ्या शिक्षकांस मुलांनी तक्ते नेऊन दाखविले. ते बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी विचारले, “हे मोजलं कोणी?” ती मुलगी पहिल्या नऊ जणींत खेळली.

त्यानंतर फळ्यापुढे माणसे थांबू लागली. त्या मुलीच्या वाडीतील दोघीतिघी मोठ्या बायका पालकसभेस आल्या असता आधी जिन्याजवळ गेल्या, असे आम्ही पाहिले. इतर खेळाडू आपले नाव शोधू लागले आणि न सापडल्यास भांडू लागले. संपादकांनी त्यांस वही देऊन कडेला बसविले.

मग एक पत्र आले. एका विद्यार्थ्याचे आजोबा पूर्वी खो-खोचे पंच होते. त्यांनी दोन पाने भरून लिहिले की, मुलांची रीत सदोष आहे. संरक्षक पाय घसरून पडला, तर शेवटचा खो देणाऱ्यास श्रेय कसले? संरक्षक दमल्यामुळे बाद झाला, तर ते श्रेय त्या आधी त्याला पळविणाऱ्या साऱ्यांचे. आणि खांबाजवळ सूर मारून टिपलेल्या गड्याचे काय, तेथे तर टिपणाऱ्याचेच कौशल्य! काही संपादक हिरमुसले. आम्ही ते पत्र जसेच्या तसे, एकही वाक्य न गाळता, पुढील अंकात लावण्यास सांगितले. त्या अंकापुढे जितका वेळ मुले उभी राहिली, तितका वेळ आधीच्या कोणत्याही अंकापुढे राहिली नव्हती.

आता रीत बदलली आहे. घसरून बाद झालेला आणि खांबाजवळ सुराने टिपलेला गडी वेगळ्या खुणेने लिहितात. दमलेल्या गड्यासाठी तो किती वेळ मैदानात होता, ती वेळ शेजारी मांडतात. आजोबा शनिवारी काठी टेकीत मैदानावर येतात आणि कडेच्या बाकावर मुलांजवळ बसतात. त्यांनी नोंदीसाठी तिसरा एक रकाना सुचविला आहे, ज्यात मुद्दाम उशिरा दिलेले खो मोजावयाचे. त्या रकान्यास नाव काय द्यावे, यावर नववी आणि सातवी यांचे अद्याप एकमत झालेले नाही.